अकरा लाखांची पायपीट

"ताई, तुम्ही बँकेत होतात म्हणून विचारते. नुसतं चालायला किती पैसे लागावेत?"

शेजारच्या वहिनींचे प्रश्न असे मधूनच सुरू होतात. आधीचा भाग त्यांच्या डोक्यात होऊन गेलेला असतो. विश्रामबागेतली बाकीची कुंपणं गेल्या काही वर्षांत डोक्याच्या वर गेली, आमच्या दोन घरांमधली भिंत मात्र अजून कंबरेएवढीच आहे, आणि निम्मी सांगली मला तिच्यावरूनच कळते.

"कुठपर्यंत चालायचं, त्यावर आहे," मी म्हटलं. "गणपतीच्या देवळापर्यंत रिकाम्या खिशानं जाता येतं."

"साडेतीन हजार किलोमीटर."

वहिनींच्या धाकट्या लेकीची बातमी अशी बाहेर आली. ऑस्टिनमधली चांगली नोकरी फेब्रुवारीअखेर सोडणार आणि मार्चमध्ये जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून चालायला लागणार. चौदा राज्यं ओलांडून, पार वर मेनमधल्या कटाडिन डोंगरावर पोचायचं. अ‍ॅपलेशियन ट्रेल. पाच ते सात महिने. पाठीवर घर घेऊन, सलग.

"ग्रीन कार्ड झालंय म्हणून हे सुचतंय," वहिनी म्हणाल्या. "एच-वन-बीवर होती तोवर नोकरी गेली की 60 दिवसांत दुसरी शोधा नाहीतर बॅग भरा. 60 दिवसांत तर म्हणे निम्मी वाटही होत नाही."

मला आधी वाटलं, वहिनी नोकरीवरून चिडल्यात. तसं नव्हतं. नोकऱ्या येतात-जातात, एवढं त्यांनी नवऱ्याच्या, दादांच्या, कारखानदारीत पाहिलंय. त्या चिडल्या होत्या एका कागदावर. लेकीनं खर्चाचा तक्ता पाठवला होता, दादांनी त्याची प्रिंट काढली होती आणि शेवटच्या आकड्याभोवती लाल पेनानं गोल केला होता. वहिनींनी तो कागद भिंतीवर ठेवला, वर कुंडीतला दगड ठेवला, आणि मी चष्मा आणायला आत गेले.

तक्ता तसा नीट होता, पोरगी हिशेबी आहे. सामान 2,000 डॉलर. वाटेवरचा खर्च महिन्याला 1,000 प्रमाणे सहा महिन्यांचे 6,000. बूट 600. विमान, गाड्या 600. एकूण 9,200. डॉलरला 90 रुपये धरले तर सव्वाआठ लाखांच्या वर. त्याखाली एक ओळ होती, "विमा", आणि तिच्यापुढे नुसतं "बघू".

"सव्वाआठ लाख, ताई! आणि देणार काय, तर झोपायला फळकूट. भिंती तीनच असतात म्हणे त्या निवाऱ्यांना. चौथी बाजू उघडी."

"त्याचे पैसे नसतात, वहिनी." मी फोनवर आदल्या आठवड्यात तिच्याशी बोलले होते, ते वहिनींना ठाऊक नव्हतं, तेव्हा जरा जपूनच म्हटलं. "असे अडीचशेच्या वर निवारे आहेत वाटेवर आणि बहुतेक सगळे फुकट. वाटेला तिकीट नाही. मधे स्मोकी पर्वतांचं राष्ट्रीय उद्यान लागतं, तिथला परवाना 40 डॉलरचा. जंगलात राहिली तर दिवसाचा खर्च फक्त खाण्याचा."

"मग महिन्याला हजार जातात कुठं?"

बँकेत माणूस कर्ज मागायला आला की तो यंत्राची किंमत अगदी रुपयापर्यंत सांगतो. खेळतं भांडवल विचारलं की वर बघतो. या तक्त्यातही तसंच होतं. सामानाचे 2,000 हा भांडवली खर्च. एक किलोच्या आतला तंबू, पिसांची रजई, पाठपिशवी, खालची हवेची गादी, चूल, पाण्याची गाळणी. तिथं वजन कमी करायचं तर पैसे जास्त मोजावे लागतात, हे उलटं गणित आहे. पण ते एकदाच. आणि तिथं चूक झालीच तर लवकर कळते. निघाल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर नील गॅप म्हणून खिंड आहे, तिथं वाटेवरच सामानाचं दुकान आहे. दुकानातली जाणती माणसं पिशवी उलटी करून काय काय परत पाठवायचं ते सांगतात, आणि ज्यांनी तिथंच हाय खाल्ली त्यांचे बूट बाहेरच्या झाडावर लटकलेले असतात.

"म्हणजे सव्वाआठ लाखांचा बेत आणि पन्नास किलोमीटरवर बूट झाडावर?"

"चारातला साधारण एक पोचतो शेवटपर्यंत. बाकीचे वाटेत सोडतात. पाय, पोट, कंटाळा. आणि पैसे."

"पैसे संपून?" वहिनींचा आवाज एकदम खाली आला. हे त्यांनी धरलं नव्हतं.

पैसे संपतात ते गावात. दर चार-पाच दिवसांनी शिधा संपतो, म्हणून डोंगर उतरून गावात जावं लागतं. रस्त्यापासून गाव लांब, म्हणजे गाडीचे पैसे. चार दिवस आंघोळ नाही, म्हणजे हॉस्टेल, एका खाटेचे 40-50 डॉलर. कपडे धुवायचे. मग भूक. पुढच्या चार दिवसांचा शिधा घ्यायचाच, पण त्याआधी एक बर्गर, एक पिझ्झा, वर आइस्क्रीम. सकाळी उठावं तर पाऊस. आणखी एक रात्र. एका मुक्कामाला 100 डॉलर सहज जातात, आणि सहा महिन्यांत असे 35 मुक्काम धरले तर साडेतीन हजार डॉलर म्हणजे तिच्या वाटखर्चातला निम्म्याहून जास्त पैसा झोपण्यात आणि खाण्यात. चालण्यात नाहीच.

"म्हणजे ती जेवढी चालेल तेवढं स्वस्त," वहिनी म्हणाल्या.

"आणि थांबेल तेवढं महाग. शहाणी माणसं सकाळी गावात शिरतात, धुणं लावतात, शिधा घेतात, पोटभर जेवतात आणि संध्याकाळी परत जंगलात. खाटेचे पैसे वाचले."

"आमची धाकटी ना? ती संध्याकाळी शिरेल आणि दुसऱ्या दिवशी बारापर्यंत झोपेल."

हे खरं होतं, पण खरा धोका झोपेचा नाही, सोबतीचा आहे. पहिल्या महिन्यात चार-सहा जणांची टोळी जमते. त्यातल्या एकाचा गुडघा दुखतो म्हणून सगळे थांबतात. एकाचा वाढदिवस असतो. मे महिन्यात व्हर्जिनियातल्या डमॅस्कस गावात चालणाऱ्यांची जत्रा भरते, तिच्यासाठी पुढं गेलेले मागं येतात. "मी राहत नाही, माझ्याकडे पैसे नाहीत" हे वाक्य एकोणतिसाव्या वर्षी टोळीत उभं राहून बोलायला जे लागतं ते तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहायचं?

एवढ्यात व्हरांड्यातून अण्णांचा आवाज आला. वहिनींचे सासरे. पेपर वाचतात असं वाटतं, पण ऐकत असतात.

"मी परिक्रमा केली तेव्हा कनवटीला काय होतं, सांग तिला."

"सांगितलंय, अण्णा. पुष्कळदा."

अण्णांनी निवृत्तीनंतर नर्मदा परिक्रमा पायी केली. नदी 1,312 किलोमीटरची, दोन्ही काठ मिळून 2,600च्या वर, आणि वळसे धरले तर त्याहूनही बरंच जास्त. नदी ओलांडायची नाही, एवढा नेम. फक्त सागरसंगमाला नावेतून पलीकडे. आश्रमांत सदावर्त असतं, पीठ, डाळ, तांदूळ मिळतात, नाहीतर तयार ताट समोर येतं. "नर्मदे हर" म्हटलं की दार उघडतं. पैसे कुणी घेत नाही, असं अण्णा सांगतात आणि ते खरंच आहे.

"तिथं म्हणे वाटेत अनोळखी माणसं गाडीतून केळी-बिळी, कोकाकोला घेऊन उभी असतात," अण्णा भिंतीपाशी आले. "नात म्हणाली मला. म्हणजे सदावर्तच की."

"असतं. पण धरून चालता येत नाही," मी म्हटलं. "मिळालं तर मिळालं. तुमच्याकडे आश्रम जागेवर असतो, अण्णा. तिथं आज शीतपेट्या ठेवून बसलेला माणूस उद्या कामावर जाणार."

"काहीच धरायचं नसतं. मी काही धरलं नव्हतं."

"तुम्ही नव्हतं धरलं," वहिनी म्हणाल्या. "इथं मी धरलं होतं. ताई, पाच महिने लाइट बिल आलं, दूधवाला आला, घरपट्टी आली. परत आल्यावर ओंकारेश्वरला कढाई झाली, शिरा, कन्यापूजन, आपल्याकडची माणसं गाडी करून गेली. नंतर इथं मावंदं. पान किती झालं ते ह्यांना विचारा. आणि त्यानंतर गुडघ्याचा एमआरआय. परिक्रमेला खर्च आला नाही म्हणतात ते परिक्रमेपुरतंच."

अण्णा काही बोलले नाहीत. पण वहिनी रागाच्या भरात नेमकं बोलून गेल्या होत्या, आणि मी पेन मागून घेतलं.

कारण धाकटीच्या तक्त्यात नेमका हाच भाग नव्हता. ती चालत असताना मागं काय चालू राहणार? भाड्याची जागा सोडली तरी सामान कुठंतरी गोदामात ठेवायचं, त्याचं महिन्याचं भाडं. गाडी मैत्रिणीच्या दारात, पण गाडीचा विमा सुरू. फोन. आणि ते "बघू". अमेरिकेत बहुतेकांचा आरोग्य विमा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी सोडली की तो जातो. तोच पुढं चालू ठेवायची सोय असते, पण मग कंपनी भरत होती तो वाटाही आपणच भरायचा, आणि तो वाटाच मोठा असतो. सरकारी बाजारातून वेगळी पॉलिसी घेता येते, त्या वर्षीची कमाई कमी असल्यावर कधी सवलतही मिळते. पण बऱ्याच पॉलिसी आपल्या राज्यापुरत्या, बाहेर फक्त तातडीचं तेवढं. ही तर चौदा राज्यांतून जाणार, टेक्सास त्यात नाहीच.

"पडली-झडली तर?"

"पडण्यापेक्षा गोचीड. पेनसिल्व्हेनियापासून वर गोचिडीमुळं लाइम नावाचा आजार होतो. वेळेत गोळ्या घेतल्या तर बरा होतो, पण गोळ्यांसाठी डॉक्टर आणि डॉक्टरसाठी विमा. 'बघू' म्हणून चालणार नाही."

वहिनींनी स्वतःच्या हातानं "बघू"वर काट मारली. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "खाण्याचं तरी आपण बघू ना. मी भडंग पाठवते. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याचे लाडू."

इथं मी त्यांना थांबवायला हवं होतं, पण विषय इतका चांगला निघाला की मीच बसले भिंतीला टेकून. चालणारी माणसं पदार्थ घेताना त्यात किती उष्मांक आणि किती वजन हे बघतात. पहिल्या महिन्यानंतर जी भूक लागते तिला चार-पाच हजार कॅलरीही पुरत नाहीत. पेनसिल्व्हेनियात, अर्धी वाट संपते तिथं, राज्याच्या एका उद्यानातल्या दुकानात अर्धा गॅलन आइस्क्रीम, म्हणजे जवळजवळ दोन लिटर, एका बैठकीत संपवायची रीत आहे, आणि पोरं संपवतात. म्हणून पहिल्या महिन्यात शिध्याला एवढे लागले तर सहा महिन्यांना एवढे, हा हिशेब चुकतो. जुलैतलं पोट एप्रिलपेक्षा मोठं.

"भडंग फुगीर," मी म्हटलं. "पिशवीभर घेतला तरी पोटात काही नाही. लाडू चालतील. तूप सगळ्यात चांगलं. 100 ग्रॅमला 900 कॅलरी. तिकडची पोरं त्यासाठीच ऑलिव्ह तेलाची बाटली नेतात आणि शेवयांच्या भांड्यात ओततात."

"बघा! आणि लहानपणी ताटातलं तूप बाजूला सारायची." वहिनींना केवढा आनंद झाला. "झटपट भात, वर मेतकूट, वर तूप. गरम पाणी तेवढं लागेल."

"पण सांगलीहून पाठवू नका. कुरिअरचा दर किलोला बघितलात तर लाडू सोन्याचे होतील. कुणी जाणारं असेल तर त्याच्या बॅगेत मेतकूट द्या, बाकी एडिसनमध्ये मिळतं."

न्यू जर्सीतल्या एडिसनला वहिनींची भाची असते. आणि वाट न्यू जर्सीतून जाते, डेलावेअर नदीच्या खिंडीपासून हाय पॉइंटवरून पुढं, सगळी मिळून 115च्या आसपास किलोमीटर. भाचीनं तक्ता बघण्याआधीच सांगून टाकलंय की शनिवारी गाडी घेऊन येते, दोन दिवस घरी ने‌ते, वरण-भात घालते. हे दोन दिवस फुकट. शिवाय तिनं शिध्याची खोकी पुढच्या गावांच्या पोस्टात पाठवायचं कबूल केलंय. तिकडे पोस्टात "जनरल डिलिव्हरी" म्हणून आपल्या नावानं पार्सल ठेवून घेतात, आपण जाऊन ओळखपत्र दाखवायचं.

"मग सगळाच शिधा भाची पाठवील," वहिनी म्हणाल्या. "खर्च मिटला."

मिटत नाही. लहान गावातलं पोस्ट शनिवारी दुपारी बंद होतं, रविवारी उघडत नाही. ही शनिवारी तीन वाजता पोचली तर आतल्या वीस डॉलरच्या शिध्यासाठी सोमवार सकाळपर्यंत दोन रात्री हॉस्टेल. खोक्याचं टपालही काही स्वस्त नाही. शिवाय मार्चमध्ये भरलेली तीच ती खिचडी जुलैत तोंडाला नको होते, मग ती वाटेवरच्या "घ्या ज्याला हवं त्याला" पेटीत जाते आणि ही नवं विकत घेते. चार-पाच ठिकाणी, जिथं दुकान धड नाही तिथं, खोकं. बाकी गावात घ्यावं. बुटांचंही तसंच. एक जोड 800 किलोमीटरच्या आतबाहेर टिकतो, म्हणजे चार-पाच लागणार, 600 डॉलर बरोबर धरलेत तिनं. पण सगळे आधी घेऊन ठेवायचे नाहीत. चालून चालून पाय पसरतात, अर्धा-एक नंबर वाढतो. सेल लागला म्हणून चार जोड घेतलेले शेवटी कुणाला तरी द्यावे लागतात.

आणखी एक. दक्षिणेकडची राज्यं स्वस्त, वरची महाग. न्यू हॅम्पशरच्या व्हाइट पर्वतांत तर तळ ठोकायच्या बऱ्याच जागांना पैसे पडतात. तिथल्या डोंगरावरच्या झोपड्यांत रात्रीचे 100 डॉलरच्या वर लागतात, पण भांडी घासून, झाडून एखाद-दुसऱ्या चालणाऱ्याला जमिनीवर झोपू देतात. म्हणजे पैसे शेवटाला जास्त राखायचे. होतं उलटं. सुरुवातीला अंग दुखतं, सवय नसते, थंडी असते, म्हणून माणूस गावात जास्त थांबतो आणि स्वस्त राज्यांतच गल्ला रिकामा करतो. सावकाश जावं तर तेही नाही. ऑक्टोबरच्या मध्याला कटाडिनच्या उद्यानातले मुक्काम बंद होतात, त्याच्या आत पोचायचं. त्यामुळं दर महिन्याला सारखे 1,000 ही वाटणी मला मान्य नव्हती. मी 1,200 केले आणि समासात लिहिलं, पहिल्या दोन महिन्यांत 900च्या वर जायचं नाही.

"आणि परत आल्यावर?" हे मी विचारलं.

"परत आल्यावर काय? नोकरी."

"दुसऱ्या दिवशी? वजन घटलेलं, पाय सुजलेले, घर नाही. जागा घ्यायची तर आगाऊ भाडं आणि अनामत. मुलाखती. दोन महिने तरी. 2,000 डॉलर लिहा, आणि तेही कमीच."

एकूण 12,400 डॉलर. अकरा लाख सोळा हजार रुपये, विमा, गोदाम, फोन सोडून. वहिनींनी आकडा दोनदा वाचला. मी म्हटलं, हा मोठा आकडा बघून घाबरू नका, तो लहान आकडाच जास्त घाबरण्यासारखा होता. परत आल्यावरचे 2,000 वेगळ्या खात्यात टाकायचे, ज्याचं कार्ड तिच्याजवळ नसेल. ओहायोत पाऊस पडतोय म्हणून कुणी एफडी मोडत नाही, पण एटीएममध्ये दिसतात ते पैसे मोडले जातात.

"ओहायो वाटेत आहे?"

"नाही. बोलण्यात आलं."

"दादा म्हणतात निम्मे आपण देऊ."

"घेईल?"

"नाही म्हणाली. स्वतःचे साठवलेत म्हणे तीन वर्षं. बाहेर जेवायची नाही, जुनीच गाडी, एका खोलीत दोघी. मला वाटायचं पोरगी चिकट झालीय." वहिनींनी कागदाची घडी घातली, परत उघडली. "परत आल्यावरच्या खात्यात टाकले तर तिला कळायचं कारण नाही, नाही का?"

यावर मी मत दिलं नाही. माय-लेकींच्या खात्यात तिसऱ्यानं सही करू नये. पण खातं कसं उघडायचं, पाठवलेल्या रकमेवर बँक काय कापते, हे मी सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं.

अण्णा अजून उभेच होते. "इतकं सगळं लागतंच का पण? तंबू, पिसांची रजई?"

तेव्हा मी त्यांना एमा गेटवुडची गोष्ट सांगितली. 1955 साली, वय 67, अकरा मुलांची आई, ओहायोची. ओहायो शेवटी आलंच. घरी सांगितलं, जरा चालून येते. खांद्यावर स्वतः शिवलेली एकच पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. पाऊस लागला की अंगावर घ्यायला शॉवरचा प्लास्टिकचा पडदा. कुणी घरात घेतलं तर घरात, नाहीतर पाल्याच्या ढिगावर. जॉर्जियाहून निघाली ती थेट कटाडिनवर, आणि एकटीनं ही वाट एका दमात संपवणारी ती पहिली बाई. दोनच वर्षांनी परत गेली.

अण्णांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, जणू ओंकारेश्वरला भेटलेली जुनी परिक्रमावासी पुन्हा समोर आली. "सदुसष्ट," ते म्हणाले. "माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी लहानच की." मग जरा घुटमळले. "व्हिजिटर म्हणून गेलं तर किती दिवस देतात हो, ताई?"

"साधारण सहा महिने."

"आणि तो शॉवरचा पडदा, तो आपल्याकडं कितीला मिळतो?"

"अण्णा," वहिनी कागद पदरात खोचत म्हणाल्या, "आपल्या न्हाणीघरात बादली आणि तांब्या आहे. पडदा कशाला लागतोय?"